मॉडेलमधलं वजन थेट ड्रॉइंगवर: सॉलिडवर्क्समध्ये प्रॉपर्टी लिंक करण्याची पूर्ण पद्धत

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये कास्टिंगचा भाव बहुतेक वेळा किलोवर ठरतो. म्हणजे ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधल्या (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतल्या) वजनाच्या रकान्यावर कोटेशन, खरेदी ऑर्डर आणि वाहतूक या तिन्हींचा हिशेब उभा असतो. तरीही कितीतरी डिझाइन ऑफिसमध्ये हा आकडा हाताने टाइप होतो. सॉफ्टवेअरमध्ये वजन दाखवणारी मास प्रॉपर्टीजची खिडकी उघडायची, आकडा वाचायचा, टायटल ब्लॉकमध्ये टाकायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. पुढे पार्टला एक रिब वाढते, बोअर बदलतो, रिव्हिजन ए ची बी होते, पण वजनाचा आकडा मात्र जुनाच राहतो.

जो आकडा मॉडेलला आधीच ठाऊक आहे तो ड्रॉइंगवर कधीही टाइप करू नये. तो मॉडेलमधूनच यावा, आणि येतोय तो बरोबर येतोय याची एकदा हाताने खात्री करून घ्यावी. या लेखात सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर धरून सगळ्या पायऱ्या दिल्या आहेत, कारण आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्यांत तेच मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. इन्व्हेंटर आणि ऑटोकॅडबद्दल शेवटी थोडं आहे.

उदाहरणासाठी एक साधी फ्लॅंज, म्हणजे मधे भोक असलेली गोल चकती, घेऊ: बाहेरचा व्यास २०० मिमी, जाडी २५ मिमी, बोअर (मधलं भोक) ६० मिमी, मटेरियल ग्रे कास्ट आयर्न. आकार मुद्दाम सोपा घेतला आहे, कॅल्क्युलेटरवर पडताळता यावा म्हणून.

आधी मटेरियल, मग युनिट

लिंक करण्याच्या घाईत बहुतेक जण या दोन गोष्टी सोडून देतात, आणि चुकीचे आकडे जवळपास नेहमी इथूनच येतात.

पार्टला मटेरियल दिलं नसेल तर सॉलिडवर्क्स घनता १००० किलो प्रति घनमीटर धरतं, म्हणजे पाण्याची. २०० × १०० × १० मिमीच्या पोलादी प्लेटचं वजन ७८५० घनतेने १.५७ किलो भरतं. मटेरियल न देता तीच प्लेट ०.२ किलो दाखवते. आकडा शून्य नसतो, अगदीच वेडावाकडाही दिसत नाही, त्यामुळे नजरेतून सुटतो. फीचर ट्रीमध्ये मटेरियलच्या जागी ‘नॉट स्पेसिफाइड’ दिसलं तर तिथेच थांबा. राइट क्लिक, एडिट मटेरियल, यादीतून निवडा, अप्लाय करा. तुमची ग्रेड यादीत नसेल तर जवळचं मटेरियल कॉपी करून कस्टम मटेरियलमध्ये नेऊन ठेवा, नाव आणि घनता बदला. ही कस्टम लायब्ररी सर्व्हरवर एकाच ठिकाणी ठेवली आणि सगळ्या मशीनना तिचाच पत्ता दिला, तर एकाच पार्टचं दोन टेबलांवर दोन वजनं निघत नाहीत.

युनिटचंही तसंच. एमएमजीएस म्हणजे मिलीमीटर, ग्रॅम, सेकंद. या पद्धतीत वजन ग्रॅममध्ये येतं आणि आपल्याला हवं असतं किलोत. ऑप्शन्स, डॉक्युमेंट प्रॉपर्टीज, युनिट्स इथे जाऊन कस्टम निवडा आणि ‘मास/सेक्शन प्रॉपर्टीज’ या गटात मास किलोग्रॅम करा. दशांश स्थळंही याच गटात ठरवायची. कास्टिंगसाठी दोन किंवा तीन पुरतात, लहान पितळी पार्टला जास्त लागतील.

हे सगळं पार्टच्या फाइलमध्ये करायचं आहे. ड्रॉइंगमध्ये युनिट बदलून टायटल ब्लॉकमधलं वजन ग्रॅमचं किलो होत नाही. ड्रॉइंगवर येतो तो पार्टने स्वतःच्या युनिटमध्ये मोजून दिलेला आकडा.

आता पडताळणी. आपल्या फ्लॅंजचं आकारमान: ०.७८५४ गुणिले (२००चा वर्ग वजा ६०चा वर्ग) गुणिले २५, म्हणजे सुमारे ७,१४,७१२ घन मिमी. घनता ७२०० धरली तर वजन ५.१४६ किलो. इव्हॅल्युएट टॅबवरच्या मास प्रॉपर्टीजमध्ये हाच आकडा दिसला की मटेरियल आणि युनिट दोन्ही ठीक आहेत. नवीन टेम्प्लेट बनवताना ही पडताळणी करायचीच.

पार्टमध्ये प्रॉपर्टी तयार करा

फाइल मेनूतून प्रॉपर्टीज उघडा आणि कस्टम टॅबवर या. प्रॉपर्टी म्हणजे फाइलसोबत साठवलेली माहितीची एक नोंद. पहिल्या रकान्यात तिचं नाव द्यायचं. नाव काहीही चालतं, पण अख्ख्या ऑफिसात एकच हवं. एकाने ‘वेट’, दुसऱ्याने ‘मास’, तिसऱ्याने ‘फिनिश वेट’ लिहिलं तर टायटल ब्लॉकची लिंक फक्त एकाचीच चालेल, बाकीच्यांचा रकाना रिकामा राहील. नावांची यादी आधी बसून ठरवा आणि ‘एडिट लिस्ट’मध्ये भरा, म्हणजे प्रत्येकाला तयार यादीतूनच निवडता येईल.

टाइप ‘टेक्स्ट’ ठेवा. आकडा असला तरी टेक्स्टच, कारण आपण आकडा लिहीत नाही, आकड्याकडे बोट दाखवणारं सूत्र लिहितो. पुढच्या ‘व्हॅल्यू / टेक्स्ट एक्स्प्रेशन’ रकान्यात क्लिक केल्यावर यादी उघडते. तिच्यात मटेरियल, मास, डेन्सिटी, व्हॉल्यूम, सरफेस एरिया आणि तुम्ही बनवलेले ग्लोबल व्हेरिएबल दिसतात. मास निवडा. रकान्यात सूत्र उमटतं आणि त्याच्या शेजारच्या ‘इव्हॅल्युएटेड व्हॅल्यू’ रकान्यात ५.१४६ दिसतं. ही सूत्रं पाठ करून टाइप करायची गरज नाही. यादीतून निवडली की अवतरण चिन्हांपासून फाइलच्या नावापर्यंत सगळं आपोआप बरोबर बसतं. आणि नजर कायम इव्हॅल्युएटेड व्हॅल्यूवर ठेवा, कारण ड्रॉइंगवर तोच आकडा जाणार आहे.

आकड्यापुढे ‘किलो’ लिहायचा मोह टाळा. युनिट टायटल ब्लॉकच्या शीर्षकात लिहा. प्रॉपर्टीत अक्षरं मिसळली की पुढे बीओएममध्ये (असेंब्लीतल्या पार्टच्या यादीत) त्या आकड्याला नगांनी गुणता येत नाही.

याच रकान्यात मॉडेलचं एखादं डायमेन्शनही जोडता येतं. रकान्यात कर्सर ठेवा, फीचरवर डबल क्लिक करून डायमेन्शन दाखवा आणि हव्या त्या डायमेन्शनवर क्लिक करा. मध्ये गुणाकाराचं चिन्ह टाइप करून दुसरं डायमेन्शन निवडलं की ‘कच्चा माल: ६० × १२ × ३४०’ अशी ओळ तयार होते, आणि मॉडेल बदललं की तीही बदलते. स्टोअरला कापायचं माप कळवण्यासाठी हे फार उपयोगी आहे. स्केच गुंतागुंतीचं असेल तर २०१८च्या आवृत्तीपासून रेफरन्स जॉमेट्रीमध्ये बाउंडिंग बॉक्स मिळतो. तो टाकला की एकूण लांबी, रुंदी आणि जाडीच्या प्रॉपर्टी आपोआप तयार होतात. पॅकिंगची पेटी काढणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

ड्रॉइंगवर लिंक

ड्रॉइंग उघडा आणि निदान एक व्ह्यू टाका. व्ह्यूच नसेल तर कोणत्या मॉडेलची प्रॉपर्टी वाचायची हे ड्रॉइंगला कळत नाही आणि लिंक करताना यादी रिकामी दिसते. त्यानंतर:

१. शीटवर राइट क्लिक करून ‘एडिट शीट फॉरमॅट’ घ्या (शीट फॉरमॅट म्हणजे चौकट आणि टायटल ब्लॉक असलेला मागचा थर).
२. ॲनोटेशन टॅबवरून नोट घ्या आणि वजनाच्या रकान्यात ठेवा.
३. डावीकडच्या पॅनेलमध्ये टेक्स्ट फॉरमॅटखाली ‘लिंक टू प्रॉपर्टी’चं चिन्ह आहे, ते दाबा.
४. ‘मॉडेल फाउंड हिअर’ निवडा, त्याखाली ‘ड्रॉइंग व्ह्यू स्पेसिफाइड इन शीट प्रॉपर्टीज’ ठेवा.
५. यादीतून आपली प्रॉपर्टी निवडा, ओके करा आणि शीट फॉरमॅटमधून बाहेर या.

चौथी पायरी काळजीने करा. तिथे ‘करंट डॉक्युमेंट’ राहिलं तर सॉलिडवर्क्स प्रॉपर्टी पार्टमध्ये न शोधता ड्रॉइंगच्या स्वतःच्या फाइलमध्ये शोधतं. तिथे ती नसते, म्हणून रकाना कोरा राहतो. रिव्हिजन किंवा ‘ड्रॉन बाय’ अशा ड्रॉइंगच्याच गोष्टींसाठी करंट डॉक्युमेंट बरोबर आहे. वजन, मटेरियल, डिस्क्रिप्शन हे मॉडेलचं असतं, ते मॉडेलमधूनच घ्या.

एका शीटवर दोन वेगळ्या पार्टचे व्ह्यू असतील तर टायटल ब्लॉक कोणाचा आकडा दाखवेल? नेहमीच्या सेटिंगमध्ये शीटवर पहिल्यांदा टाकलेल्या व्ह्यूचा. तो बदलायचा तर शीट प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘यूज कस्टम प्रॉपर्टी व्हॅल्यूज फ्रॉम मॉडेल शोन इन’ अशी जागा आहे, तिथे हवा तो व्ह्यू निवडा.

एवढी मेहनत प्रत्येक ड्रॉइंगला करायची नसते. लिंक जोडून झाल्यावर फाइल मेनूतून शीट फॉरमॅट सेव्ह करा आणि तेच ड्रॉइंग टेम्प्लेटमध्ये वापरा. पार्टचंही टेम्प्लेट करा. त्यात प्रॉपर्टीची नावं, मासची लिंक आणि किलोग्रॅमचं सेटिंग आधीच भरलेलं असू द्या. मग नवीन पार्ट उघडणाऱ्या मुलाला फक्त मटेरियल द्यावं लागतं, वजन आपोआप टायटल ब्लॉकमध्ये येतं.

एका ड्रॉइंगवर दोन वजनं: कास्टिंग आणि मशिनिंग

फाउंड्रीला कास्टिंगचं वजन हवं असतं, मशीन शॉपला आणि ग्राहकाला फिनिश वजन. मशिनिंगच्या ड्रॉइंगवर दोन्ही आकडे दिले तर किती माल काढायचा आहे तेही लगेच कळतं, आणि सायकल टाइमचा अंदाज बांधणाऱ्याला ती मोठी मदत होते.

आपल्या फ्लॅंजला सगळ्या बाजूंनी ३ मिमी मशिनिंग अलाउन्स (मशीनवर काढून टाकायचा जादा माल) धरू. मग कास्टिंगचा व्यास २०६, जाडी ३१, बोअर ५४. आकारमान सुमारे ९,६२,२०७ घन मिमी आणि वजन ६.९२८ किलो. फिनिश ५.१४६ किलो. म्हणजे प्रत्येक नगामागे सुमारे १.७८ किलो बीड (कास्ट आयर्न) चिप्स होऊन जाते, आणि तिचे पैसे फाउंड्रीला आधीच दिलेले असतात. हा आकडा ड्रॉइंगवर डोळ्यांसमोर असला की ‘बोअरला खरंच एवढा अलाउन्स हवा का’ हा प्रश्न वेळेवर विचारला जातो.

हे करायला पार्टमध्ये दोन कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमधली पार्टची दोन रूपं) करा, एक कास्टिंग आणि एक मशिनिंग. मशिनिंगचे सगळे कट कास्टिंगमध्ये सप्रेस करा, म्हणजे तात्पुरते बंद ठेवा. आता प्रॉपर्टीजमध्ये कस्टम टॅब सोडून कॉन्फिगरेशनच्या टॅबवर या आणि दोन्ही कॉन्फिगरेशनमध्ये वजनाची प्रॉपर्टी स्वतंत्रपणे भरा. एकच नाव दोन्ही टॅबवर असेल तर ड्रॉइंग आधी कॉन्फिगरेशनची प्रॉपर्टी वाचतं, ती नसेल तरच कस्टमकडे जातं. नेमकी याच ठिकाणी गफलत होते. वजन फक्त कस्टम टॅबवर ठेवलं तर तिथे त्या वेळी चालू असलेल्या कॉन्फिगरेशनचा आकडा येतो. कोणी कास्टिंग चालू ठेवून फाइल सेव्ह केली की मशिनिंगच्या ड्रॉइंगवर कास्टिंगचं वजन जाऊन बसू शकतं.

आता मशिनिंगच्या ड्रॉइंगवर कास्टिंगचंही वजन आणायचं आहे. सोपा मार्ग असा. कास्टिंग कॉन्फिगरेशनच्या टॅबवर मास निवडल्यावर जे सूत्र उमटतं त्यात कॉन्फिगरेशनचं नाव आणि फाइलचं नाव दोन्ही असतात. ते सूत्र जसंच्या तसं कॉपी करा. कस्टम टॅबवर ‘कास्टिंग वेट’ नावाची नवी प्रॉपर्टी करा आणि तिथे पेस्ट करा. नावासकट सूत्र असल्यामुळे कुठलंही कॉन्फिगरेशन चालू असलं तरी आकडा कास्टिंगचाच येतो. इव्हॅल्युएटेड व्हॅल्यूमध्ये ६.९२८ दिसतंय ना, ते बघा. मग टायटल ब्लॉकमध्ये दुसरी नोट ‘कास्टिंग वेट’शी जोडा.

यात एक अट आहे. चालू नसलेलं कॉन्फिगरेशन आपोआप ताजं होत नाही. ड्राफ्ट (कास्टिंगच्या बाजूंचा उतार) बदललात आणि सेव्ह केलंत, तरी कास्टिंगचा आकडा मागचाच राहू शकतो. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये कास्टिंगवर राइट क्लिक करून ‘ॲड रिबिल्ड/सेव्ह मार्क’ लावा. मग प्रत्येक सेव्हला ते कॉन्फिगरेशनही रिबिल्ड होतं. फाइल सेव्ह व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तो जाऊ द्या.

कास्टिंगला स्वतंत्र पार्ट नंबर आणि स्वतंत्र ड्रॉइंग असेल तर मात्र दोन फाइली कराव्यात हे माझं ठाम मत आहे. कास्टिंगची एक फाइल, आणि तीच इन्सर्ट पार्टने घेऊन त्यावर कट मारलेली मशिनिंगची दुसरी. खरेदी, रिव्हिजन आणि जबाबदारी तीन्ही वेगळ्या राहतात.

आणि मॉडेलचं वजन म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे. पॅटर्नचा ड्राफ्ट, फिलेट आणि पार्टिंग लाइनवरचा फरक मॉडेलमध्ये दाखवला नसेल तर फाउंड्रीचा आकडा वेगळा येणारच. पहिला लॉट आला की पाच-दहा नग काट्यावर घालून बघा. फरक दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल तर घनता किंवा अलाउन्स मॉडेलमध्ये दुरुस्त करा, ड्रॉइंगवर नाही.

असेंब्ली आणि बीओएम

बीओएमच्या तक्त्यात नवा कॉलम घ्या आणि त्याला वजनाची प्रॉपर्टी जोडा. शेजारच्या कॉलममध्ये समीकरण टाकून नग गुणिले वजन करा. प्रॉपर्टीत ‘किलो’ लिहू नका असं वर म्हटलं ते याचसाठी.

मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग यांची मॉडेल सप्लायरच्या साइटवरून येतात. ती आतून भरीव तरी असतात किंवा नुसती पोकळ कवचं, त्यामुळे मोजलेलं वजन निरर्थक असतं. त्यांच्यासाठी मास प्रॉपर्टीजमधला ‘ओव्हरराइड’ वापरून कॅटलॉगमधलं वजन द्या. स्वतः बनवलेल्या पार्टला मात्र ओव्हरराइड लावू नये. तो लावला की आकडा गोठतो. मग भूमिती कितीही बदला, लिंक चालू दिसते आणि वजन हलत नाही. सप्रेस केलेले कॉम्पोनंट वजनात धरले जात नाहीत, एन्व्हलप म्हणून, म्हणजे फक्त संदर्भासाठी, टाकलेलेही नाहीत. असेंब्लीचं वजन अपेक्षेपेक्षा कमी आलं तर आधी हे दोन तपासा.

शीट मेटल, फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंगचं क्षेत्रफळ

शीट मेटल पार्टमध्ये बरंचसं काम सॉलिडवर्क्स आपणहून करून ठेवतं. फीचर ट्रीमधल्या कट लिस्टवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. बाउंडिंग बॉक्सची लांबी-रुंदी, शीटची जाडी, बाहेरची आणि आतली कटिंग लेंग्थ, बेंडची संख्या, सगळं तयार मिळतं. लेझर कटिंगवाला कटिंग लेंग्थ आणि जाडी यांवर दर लावतो, म्हणजे हे आकडे थेट कोटेशनच्या कामाचे आहेत. ड्रॉइंगवर फ्लॅट पॅटर्नचा व्ह्यू टाका, त्यावर राइट क्लिक करून ॲनोटेशन्समधून ‘कट लिस्ट प्रॉपर्टीज’ घ्या, सगळे एकदम येतात. वेल्डमेंटमध्ये (वेल्ड करून जोडलेल्या फ्रेमच्या पार्टमध्ये) लांबी आणि कापाचे कोन कट लिस्टच्या तक्त्यात तसेच येतात.

पावडर कोटिंगचा दर लागतो क्षेत्रफळावर, आणि सरफेस एरिया मिळतो चौरस मिलीमीटरमध्ये. ५०० × ३०० × २ मिमीच्या सपाट शीटचं क्षेत्रफळ ३,०३,२०० चौ. मिमी येतं, कोटिंगवाल्याला हवं असतं ०.३०३२ चौ. मीटर. इथे टूल्समधल्या इक्वेशन्स कामी येतात. एक ग्लोबल व्हेरिएबल (नाव दिलेला, अख्ख्या पार्टमध्ये वापरता येणारा आकडा) करा, बरोबरच्या चिन्हापुढे उघडणाऱ्या यादीतून ‘फाइल प्रॉपर्टीज’मधला सरफेस एरिया घ्या आणि त्याला १०,००,००० ने भागा. आता हे ग्लोबल व्हेरिएबल प्रॉपर्टीजच्या यादीत दिसेल, ते जोडा. त्याच धर्तीवर शेजारी दर किंवा झिंकचं वजनही काढता येतं.

यात एक खोच आहे. भूमितीवरून निघालेला आकडा समीकरणात वापरला की समीकरण एक रिबिल्ड मागे राहू शकतं. ड्रॉइंग सोडण्यापूर्वी पार्टमध्ये कंट्रोल आणि क्यू दोनदा दाबा. शिवाय पार्टच्या मास गटातलं लांबीचं युनिट मिमीवरून मीटर केलं तर हा भागाकार चुकीचा ठरतो. म्हणून युनिट टेम्प्लेटमध्ये पक्कं करा.

आकडा हलत नसेल तेव्हा

रकाना कोरा असेल तर प्रॉपर्टीच्या नावाचं स्पेलिंग बघा, मग चौथ्या पायरीतलं ‘करंट डॉक्युमेंट’. व्ह्यू मेनूतल्या हाइड/शो मध्ये ‘ॲनोटेशन लिंक एरर्स’ चालू केलं तर तुटलेल्या लिंक दिसतात, आणि ‘ॲनोटेशन लिंक व्हेरिएबल्स’ चालू केलं की आकड्याच्या जागी मागची लिंक वाचता येते. दुसऱ्याचं ड्रॉइंग तपासताना हा सगळ्यात जलद उपाय आहे. ज्या रकान्यात लिंकऐवजी साधा आकडाच दिसतो तो कोणीतरी टाइप केलेला आहे हे लगेच कळतं.

आकडा आहे पण जुना आहे, तर पार्ट उघडून रिबिल्ड करा, सेव्ह करा, मग ड्रॉइंग रिबिल्ड करा. ऑप्शन्समध्ये परफॉर्मन्सच्या पानावर सेव्ह करताना मास प्रॉपर्टीज अपडेट करण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

इन्व्हेंटर आणि ऑटोकॅडमध्ये

इन्व्हेंटरमध्ये ड्रॉइंगच्या टेक्स्टमध्ये टाइप म्हणून मॉडेलच्या फिजिकल प्रॉपर्टीज निवडून मास घेता येतं. तिथला नेहमीचा प्रश्न ‘एन/ए’ दिसण्याचा. पार्ट किंवा असेंब्लीत मास अपडेट केलं आणि सेव्ह केलं की आकडा येतो.

ऑटोकॅडच्या टूडी कामात वजन नसतं, क्षेत्रफळ असतं. बांधकामाचे नकाशे काढणाऱ्यांना हे जास्त उपयोगी. खोलीभोवती बंद पॉलीलाइन काढा, टेक्स्टमध्ये फील्ड घाला, ऑब्जेक्ट निवडून एरिया घ्या आणि जास्तीच्या फॉरमॅटमध्ये रूपांतराचा गुणक द्या. चौरस मिमीवरून चौ. मीटरसाठी तो ०.००००००१ नव्हे तर ०.०००००१ आहे, शून्यं मोजून टाका. पॉलीलाइन ताणली की रीजेन (REGEN) कमांड दिल्यावर आकडा बदलतो. फील्डच्या मागे करडी पट्टी दिसते, त्यावरून टाइप केलेला आकडा कोणता आणि जोडलेला कोणता हे स्क्रीनवर ओळखता येतं. प्रिंटमध्ये ती पट्टी येत नाही.

पीडीएफ मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरची असो, काढली त्या क्षणाचा आकडा तिच्यात गोठतो. रिव्हिजन झाली की आधी मॉडेल रिबिल्ड, मग ड्रॉइंग, मग नवी पीडीएफ, आणि फाउंड्रीकडे असलेली जुनी परत मागवा.